परसबाग लहान आहे, हेच तिचे बळ

पाऊस सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजाराच्या गावी, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक ठरलेला संवाद ऐकू येतो. "घरी चार वांगी लावलीत, शेंडे सुकायला लागलेत, काहीतरी द्या." दुकानदार बाटली पुढे करतो आणि पंपाला किती मिली घ्यायचे ते सांगतो. हा पंप म्हणजे पाठीवरचा, पंधरा-सोळा लिटरचा. चार झाडांना अर्धा लिटर पाणी पुरते. मग बुचाने अंदाजे माप घेतले जाते, फवारणी होते, आणि परवा त्याच झाडाची वांगी भाजीला तोडली जातात.

इथे वावराचा उपाय परसात आणला गेला. एकरभर टोमॅटोतल्या एकेका झाडापाशी शेतकरी रोज बसू शकत नाही, म्हणून तो फवारणीचा आधार घेतो. परसबागेत झाडे वीस-पंचवीस, आणि पाणी घालायला रोज जावेच लागते. पान उलटून पाहणे, अळी वेचणे, एकेक फळ कागदात गुंडाळणे, चार हातांच्या वाफ्यावर जाळी ताणणे ही कामे एकरात परवडत नाहीत. परसात ती दहा मिनिटांत होतात. म्हणून परसबागेचे कीडनियंत्रण शेतीच्या वेळापत्रकावर बेतू नये. ते नजरेवर आणि हातावर बेतावे.

एक जिल्हा, दोन हवा

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, 17,048 चौरस किलोमीटरचा. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला आणि दक्षिणेला, पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक बरे वर्ष म्हणतात. किडीही या हवेप्रमाणे वाटल्या गेल्या आहेत. ओल्या अकोल्यात गोगलगायी, बुरशी आणि पाने खाणाऱ्या अळ्यांचा जोर. कोरड्या पूर्व भागात फुलकिडे, लाल कोळी, पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडींचा.

त्यामुळे एकच उपाय जिल्हाभर सारखा लागू पडत नाही. उदाहरणार्थ, किडींवर वाढणाऱ्या मित्रबुरशी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारखी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे मेटारायझियम, व्हर्टिसिलियम यांसारख्या बुरशींची शिफारस करतात. मात्र या बुरशीला रुजायला हवेत दमटपणा लागतो. पावसाळ्यातल्या ढगाळ संध्याकाळी ती चांगली काम करते. एप्रिलच्या उन्हात पाथर्डीच्या गच्चीवर फवारली तर किडीआधी तीच वाळते. तिथे कोळ्यांवर त्याहून सोपा इलाज म्हणजे साधे पाणी. कोळ्यांना कोरडी, धुळीची पाने आवडतात. दोन-तीन दिवसांआड पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारला की त्यांची जाळी तुटतात आणि वाढ रोखली जाते. मळ्यातल्या रस्त्याकडेच्या झाडांवर कोळी जास्त का पडतो, याचे उत्तरही त्या धुळीतच आहे.

खुणा वाचायला शिका

उपाय करण्याआधी नुकसान कोणी केले ते ओळखले पाहिजे. पानाला भोके पडली आहेत, कडा कुरतडल्या आहेत आणि खालच्या पानावर काळ्या लेंड्या दिसतात, म्हणजे अळी जवळच आहे. पान खाल्लेले नाही, पण आकसले आणि पिवळे पडले, म्हणजे मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांपैकी कोणी रस शोषत आहे. मिरचीची पाने वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी; दोन्हींना आपण चुरडामुरडा म्हणतो, पण औषध वेगळे. पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा म्हणजे पानाच्या दोन थरांमधून चरत गेलेली नागअळी. झाड मोठे असेल तर खालची दोन-चार पाने खुडून टाकली की पुरते. रात्रीतून कोवळे रोप जमिनीलगत कापले गेले, तर सकाळी त्याच्या बुडाशी बोटाने माती उकरा. गुंडाळी करून बसलेली करडी अळी बहुधा तिथेच सापडते. चकाकणारा चिकट माग गोगलगायीचा. टोमॅटोला गोल भोक असेल तर अळी, वरून फाडल्यासारखा ओबडधोबड खड्डा असेल तर पाखरू.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी. प्रत्येक भोक हे नुकसान नसते. वांग्याची पाच-सात पाने चाळण झाली तरी फळे लागतात. मेथी-पालकाचे मात्र पान हेच पीक, तिथे सहनशीलता कमी. पान विकायचे नाही, तर थोडे खाल्लेले पान आपल्या ताटाला चालते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

वांग्याचा माना टाकलेला शेंडा

वांग्याच्या शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीने भारतीय शेतीत मोठे राजकारणही घडवले. तिच्यावर तोडगा म्हणून आलेल्या बीटी वांग्याला केंद्र सरकारने फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती दिली. बांगलादेशात तेच वांगे 2014 पासून शेतकऱ्यांच्या शेतात आहे. ही अळी एवढी अवघड का, याचे उत्तर तिच्या राहणीत आहे. मादी पतंग पानांवर, शेंड्यांवर, कळ्यांवर अंडी घालते. अळी बाहेर आली की लगेच कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते आणि मागचे भोक विष्ठेने बुजवते. आत शिरल्यावर तिला वरून फवारलेले औषध फारसे लागत नाही.

परसबागेत मात्र तिचा दुबळा काळ आपल्या हातात येतो. फळे लागण्याआधी ती शेंड्यात असते, आणि तो शेंडा उन्हात मान टाकून तिचा पत्ता सांगतो. सुकलेला शेंडा दिसला की त्याच्या इंच-दोन इंच खालून कात्रीने कापा, आतली अळी चिरडा किंवा तुकडा साबणाच्या पाण्यात टाका. शेंडा कापून तिथेच बुडाशी टाकला तर काहीच साधत नाही, कारण अळी बाहेर येऊन पालापाचोळ्यात कोष करते. म्हणून पडलेली पाने आणि भोक पडलेली वांगीही गोळा करावीत. हे काम आठवड्यातून दोनदा नेमाने केले तर पुढची पिढी तुटते. शेजारच्या घरांतही वांगी असतील तर सर्वांनी एकत्र केले पाहिजे, नाहीतर पतंग भिंतीवरून इकडे येतोच.

दोडका-कारल्याची माशी आणि तुळशीचा गैरसमज

मांडवावर दोडका बोटाएवढा होतो आणि पिवळा पडून वाकडा होऊन गळतो. बहुतेकांना वाटते खत कमी पडले. फळ उभे चिरून पाहिले तर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. फळमाशीची मादी कोवळ्या फळाच्या सालीत सुई खुपसून आत अंडी घालते. अळ्या गर खाऊन मोठ्या होतात, फळातून बाहेर पडतात, मातीत शिरून कोष करतात आणि माशी होऊन परत येतात.

तीन कामे केली तर हे चक्र मोडते. पहिले, किडकी फळे उकिरड्यावर न टाकता दोन फूट खोल पुरावीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून भर उन्हात ठेवावीत. दुसरे, फळ धरले की दोन दिवसांत त्याला वर्तमानपत्राची पिशवी चढवावी. घराला लागणारी दहा-पंधरा कारली अशी झाकणे मुळीच कठीण नाही. तिसरे, वेलाजवळ गंध सापळा टांगावा.

सापळ्यात काय घालायचे, इथे घोळ होतो. तुळशीच्या पानांत मिथाइल युजेनॉल हे द्रव्य असते आणि आंबा-पेरूच्या फळमाशीचे नर त्याकडे धावतात, म्हणून चुरगळलेली तुळस पेरूच्या झाडाखाली उपयोगी पडते. दोडका, कारले, काकडी नासवणारी माशी मात्र वेगळ्या जातीची आहे. ती मिथाइल युजेनॉलकडे वळत नाही. तिच्या नरांना क्यू-ल्युअर लागते. दुकानात सापळा मागताना "वेलवर्गीय भाज्यांसाठी" असे सांगितले नाही, तर महिनाभर सापळा रिकामा राहतो आणि सापळ्यांवरचाच विश्वास उडतो. शिवाय या सापळ्यांत नर सापडतात, माद्या नाही. म्हणून सापळा एकटा पुरत नाही. पिशवी आणि स्वच्छता त्याच्या जोडीला हवीच.

भोपळा-काकडीच्या रोपांवर पडणारे लाल भुंगेरे तुलनेने भोळे. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात; तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. रोपाला चार-पाच पाने येईपर्यंत जाळीखाली ठेवले की धोक्याचा काळ टळतो. पानांवर दव असताना चुलीची चाळलेली राख धुरळण्याची आपल्याकडची जुनी रीतही याच अवस्थेसाठी आहे.

मावा पडला की आधी मुंग्या बघा

आभाळ आले की मावा पडतो, हे शेतकऱ्याचे निरीक्षण खरे आहे. ढगाळ, गार, दमट हवेत मावा भराभर वाढतो. त्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्ले देतात. वाल, घेवडा, चवळी यांच्या शेंड्यावर दोन दिवसांत काळे-हिरवे थर दिसतात. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या त्या गोडीसाठी येतात. त्या माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. म्हणून वेलाच्या बुंध्यावर चढणारी मुंग्यांची रांग तोडणे हा माव्यावरचा पहिला इलाज आहे. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली किंवा मांडवाच्या खांबाला ग्रीस लावलेली पट्टी गुंडाळली तरी काम होते.

मग वाट पाहायची, आणि इथे ओळख नसल्याने घात होतो. लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा लोक ओळखतात. त्याची अळी मात्र काळसर, लांबट, काटेरी दिसते. ती दिवसाला कितीतरी मावा फस्त करते, आणि नेमकी तीच कीड समजून चिरडली जाते. मावा फुगून तपकिरी, कागदासारखा झालेला दिसला तर त्याच्या पोटात परजीवी गांधीलमाशी वाढते आहे असे समजावे. तशी पाने खुडू नयेत.

या सूक्ष्म माश्यांची ताकद देशाने पाहिली आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला प्रथम आढळला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. औषधांनी तो हटेना. शेवटी 2010 मध्ये परजीवी गांधीलमाश्या परदेशातून आणून सोडण्यात आल्या आणि कीड आटोक्यात आली. आपल्या परसात असे मित्र आधीच येत असतात. मावा दिसताच फवारा मारला तर मावाही मरतो आणि तेही मरतात. पुढे मावा आधी परततो, ते उशिरा.

थांबण्याइतका वेळ नसेल तर पाण्याच्या झोताने मावा झाडून टाका, किंवा लिटरभर पाण्यात चार-पाच ग्रॅम सौम्य साबण विरघळवून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर करून बघावे. कपडे धुण्याची पावडर पाने जाळते.

निंबोळी: पान नव्हे, बी

निंबाचे महत्त्व आपल्याला नवे नाही, पण त्याचा शास्त्रीय मागोवा टोळधाडीमुळे घेतला गेला. 1959 मध्ये सुदानमध्ये टोळधाडीने सगळी हिरवळ खाल्ली आणि निंबाची झाडे तेवढी शाबूत राहिली, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनी पाहिले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि सहकाऱ्यांनी 1962 च्या सुमारास निंबोळीच्या गराचे पाणी फवारून टोळांपासून पीक वाचते हे दाखवले. यामागचे मुख्य द्रव्य अझाडिरॅक्टिन. ते किडीला लगेच मारत नाही. तिची खाण्याची इच्छा मारते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवते. म्हणून दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली तर फवारा वाया गेला असे समजू नये.

हे द्रव्य मुख्यतः बियांत असते, पानांत फार थोडे. पाला उकळून केलेला काढा म्हणूनच कमजोर पडतो. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवली, सकाळी फडक्याने गाळली आणि त्यात चिमूटभर साबण मिसळला की पाच टक्के अर्क तयार. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होते, म्हणून फवारणी संध्याकाळी आणि अर्क त्याच दिवशी संपवायचा.

दशपर्णी अर्काबाबत एक इशारा. त्याच्या अनेक पाककृतींत कण्हेर आणि रुई असते. ही झाडे विषारी आहेत, आणि "नैसर्गिक" या शब्दाने विष उतरत नाही. कोथिंबीर-मेथीसारख्या तोडून थेट ताटात येणाऱ्या भाज्यांवर असा अर्क मारू नये. तंबाखूचा काढा तर परसात आणूच नये: निकोटीन जहाल आहे, आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला विषाणूरोगही लागू शकतो.

पाखरांशी कसे वागायचे

कर्जत-जामखेडच्या ज्वारीत कणसे दुधात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी माणसे पूर्वी सर्रास दिसत. त्या राखणीचे शहाणपण वेळेत होते. पीक नेमके कोणत्या दिवसांत पाखराच्या तोंडी येते हे ओळखून तेवढेच दिवस राखायचे. परसातही तसेच आहे. मेथी-कोथिंबीर-पालकाचे कोंब वर येतात तो आठवडा चिमण्या आणि साळुंक्यांचा. टोमॅटो रंग धरतो ते दिवस बुलबुलांचे. मिरची आणि पेरू पोपटांचे. तेवढा काळ झाकले की वर्षभर भांडण नको.

बुजगावणे आणि चमकणाऱ्या सीडी थोडेच दिवस चालतात. त्यापासून धोका नाही हे कळले की पाखरे त्याच्या डोक्यावर बसतात. दर दोन दिवसांनी जागा बदलली तर मुदत थोडी वाढते. मिरचीपूड घातलेले पाणी पाखरांसाठी तर निव्वळ वाया. मिरचीचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना झोंबतो, पक्ष्यांना जाणवत नाही. म्हणूनच पोपट लाल मिरच्या आरामात सोलतो.

खरा उपाय जाळी. वाफ्यावर बांबूच्या किंवा पीव्हीसी पाइपच्या कमानी रोवून बारीक छिद्रांची जाळी ताणून बसवावी आणि कडा मातीत दाबाव्यात. सैल, पातळ नायलॉनची जाळी नको. तिच्यात पाखरांचे पाय आणि धामणींची अंगे अडकतात. उंदीर मारून आपलीच राखण करणारी धामण अशी मेली तर तोटा आपलाच. जाळी रोज सकाळी पाहावी. टोमॅटो, वांगी, मिरची, घेवडा यांना फळधारणेसाठी बाहेरच्या मधमाश्यांची फारशी गरज नसते, ते जाळीत राहू शकतात. काकडी, दोडका, भोपळा यांना मात्र फुले आल्यावर जाळी काढावी, नाहीतर फळेच धरणार नाहीत. मोर परसात येत असेल तर कुंपण आणि जाळी एवढेच करता येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे.

पाखरांना कायमचे हाकलूही नये. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना मुख्यतः अळ्या भरवते. भारद्वाज गोगलगायी आणि अळ्या टिपतो, कोतवाल उडते किडे. हरभऱ्यात घाटेअळीसाठी शेतकरी टी आकाराचे पक्षीथांबे मुद्दाम रोवतात. कोंब झाकलेले असतील तर उरलेल्या बागेत पाखरू कामाचेच. गावरान कोंबड्यांचेही तसेच: लावणीआधी वाफा उकरू दिला तर त्या मातीतले कोष आणि हुमणी वेचतात, लावणीनंतर त्यांना कुंपणाबाहेर ठेवावे.

मिसळून लावा

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणे जपल्याबद्दल. बाएफ संस्थेच्या साथीने त्यांनी ही बियाणे आणि परसबाग घरोघर पोचवली. त्यांच्या कामाकडे आपण वारसा म्हणून पाहतो, पण त्यात कीडनियंत्रणाचाही धडा आहे. अनेक भाज्या, अनेक वाण मिसळलेल्या बागेत एकाच भाजीवर जगणाऱ्या किडीला पुढचे झाड शोधावे लागते, आणि एका किडीने सगळी बाग बसत नाही.

मिश्रणही विचाराने करता येते. टोमॅटोशेजारी उंच झेंडू लावला तर फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग बरीच अंडी झेंडूवर घालतात. कोबीशेजारच्या मोहरीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग जातो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या दोन्ही जोड्या शेतासाठी बसवल्या. सापळा पिकावरच्या अळ्या वेचायच्या मात्र असतात. नाहीतर आपण किडीची खानावळच चालवतो. भेंडीला केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. परभणी क्रांती, अर्का अनामिका असे प्रतिकारक म्हणून निघालेले वाण घेतले तरी आता तो प्रतिकार बराच सैल झाला आहे, म्हणून पिवळ्या शिरांचे झाड दिसताच उपटणे हेच खरे.

बाटली उघडायचीच असेल तर

क्वचित वेळ येते. तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात. लेबलवरचा त्रिकोण: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळ्याला परसात जागा नाही. दुसरे, त्या भाजीचे नाव लेबलवर आहे का. मोनोक्रोटोफॉसला 2005 पासून भाजीपाल्यावर बंदी आहे, फोरेट आणि डायक्लोरव्हॉस 2020 अखेरपासून पूर्ण बंद झाले. घरातली जुनी पुडी "होती म्हणून" वापरू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे किमान दिवस. शेतकरी तोडा लांबवू शकतो. परसातली भेंडी, वांगी एक दिवसाआड तोडावी लागतात, त्यामुळे तो काळ पाळणे जवळजवळ अशक्य. रासायनिक फवारा परसबागेला का जुळत नाही, याचे एवढे एक कारण पुरेसे आहे.

तेव्हा पुढच्या वेळी शेंडा सुकलेला दिसला, तर दुकानाची वाट धरण्याआधी कात्री घ्या. रोज पाणी घालताना प्रत्येक वाफ्यातली दोन पाने उलटून पाहा, किडके फळ त्याच दिवशी पुरा, कोंब आणि पिकते फळ तेवढे झाका. एवढे नेमाने केले, तर घरच्या भाजीला बाटली उघडण्याची वेळ फार कमी येईल.